नंबर प्लेटला स्टेनलेस बोल्ट, नायलॉन वॉशर आणि फोम: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगतो. मागची प्लेट पहिल्या दिवशी बसवली तशीच आहे. पुढची मात्र तिसऱ्या महिन्यात काढून पुन्हा बसवावी लागली. स्क्रू शाबूत होता, ज्या प्लास्टिकमध्ये तो पिळला होता त्यानेच पकड सोडली. प्लेट किती टिकणार हे तिच्या मागे काय आहे यावर ठरतं, आणि बहुतेक जण नेमकं तेच बघत नाहीत.

वापरलेलं सामान: ए२ दर्जाचे ६ मिमी स्टेनलेस बोल्ट, पुढच्या प्लेटला २० मिमी आणि मागच्या प्लेटला १६ मिमी लांबीचे, १८ मिमी व्यासाचे रुंद स्टील वॉशर, त्याच मापाचे नायलॉन वॉशर, पुढच्यासाठी नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहजी सैल न होणारा नट), आणि पाणी न शोषणाऱ्या ३ मिमी जाड फोमच्या पट्ट्या. हत्यारं म्हणजे १० नंबरचा पाना, ३ आणि ७ मिमीचे ड्रिल बिट, एक बारीक कानस.

मागची आणि पुढची लांबी मुद्दाम वेगळी ठेवली. मागे डिकीच्या पत्र्याला नट वेल्ड केलेला असतो. तिथे २० मिमीचा बोल्ट लावला तर नट ओलांडून त्याचं टोक आतल्या पत्र्याला टेकू शकतं. पाना अडतो, हाताला घट्ट लागल्यासारखं वाटतं, पण बोल्टचं डोकं वॉशरपासून केसभर वर राहतं आणि प्लेट बोटाने हलवली की टकटक करते. म्हणून बोल्ट घट्ट झाला की प्लेटचे चारही कोपरे दाबून बघायचे.

जुने बोल्ट काढताना घाई नको. गंजलेल्या बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारून किमान अर्धा तास थांबा, आधी किंचित घट्ट करण्याच्या दिशेला फिरवा, मग उलटा. नट प्लास्टिकचा असेल आणि बोल्टबरोबर तोही गरगर फिरत असेल, तर प्लेटमागे चपटा पेचकस सरकवून हलका ताण द्या. नट ओढला गेला की आटे सुटतात.

नव्या प्लेटला भोकं पाडायची वेळ आली तर जुनी प्लेट तिच्यावर ठेवून खुणा करा, अक्षरांवर भोक येत नाही ना ते पाहा, आणि मास्किंग टेप लावून मागे लाकडाचा तुकडा धरा. आधी ३ मिमी, मग ७ मिमी. ६ मिमीच्या बोल्टला ७ मिमीचं भोक हवंच. ऊन लागलं की प्लास्टिकचा बंपर ॲल्युमिनियमच्या प्लेटपेक्षा बराच जास्त पसरतो. तापमानात ४० अंशांचा फरक पडला तर अर्ध्या मीटरची ॲल्युमिनियम प्लेट जेमतेम अर्धा मिमी वाढते, पॉलिप्रॉपिलीनचा बंपर मात्र तेवढ्याच लांबीत दीड-दोन मिमी सरकू शकतो. भोक तंतोतंत असेल तर हा सगळा ताण भोकाच्या कडेवर येतो आणि प्लेट तिथून फाटायला लागते.

वॉशरचा क्रम असा: बोल्टचं डोकं, स्टील वॉशर, नायलॉन वॉशर, मग प्लेट. नायलॉन प्लेटला टेकलं पाहिजे. त्याने परावर्तक थर चिरडत नाही, आणि ओलाव्यात स्टेनलेस व ॲल्युमिनियम थेट भिडून होणारी गंजही कमी होते. एका बोल्टला नायलॉन वॉशर घातलाच नव्हता. आठ महिन्यांनी फक्त त्याच भोकाभोवती पांढरी भुकटी दिसली.

नायलॉनला एक खोड आहे. दाबाखाली ते हळूहळू बसतं आणि बोल्टचा ताण उतरतो. आठवड्याने सगळे बोल्ट पुन्हा आवळले तेव्हा प्रत्येक बोल्ट पाव आटा तरी फिरला. त्यानंतर एकही हलला नाही. यात फोमचाही वाटा आहे. डिकी आपटली की प्लेट थरथरते, त्या आडव्या हालचालीने बोल्ट उलटा फिरत जातो. फोम ती थरथर गिळतो. पट्ट्या प्लेटच्या मागे दोन्ही बाजूंना उभ्या लावा. खालची कड बंद केली तर पाणी आत अडकून राहतं.

पुढे आधी बंपरच्या प्लास्टिकमध्ये थेट स्वतः आटे पाडणारे स्क्रू लावले होते. ते दोनदा काढून घातले की आटे मरतात. आता प्लेट धरणाऱ्या ब्रॅकेटमधून आरपार बोल्ट, मागे रुंद वॉशर आणि नायलॉक नट आहे. तेव्हापासून खडखड नाही. नट मात्र स्टेनलेसचा घेतला असेल तर आट्यांना थोडं ग्रीस लावा आणि पान्याने सावकाश चढवा. कोरडा नट मशीनने भरभर चढवला की स्टेनलेसवर स्टेनलेस घासून जाम होतं, मग बोल्ट कापण्यावाचून गत्यंतर नसतं. नायलॉक नट एकदा काढला की नवाच लावा.

मागच्या वेल्ड केलेल्या नटात मध्यम ताकदीच्या निळ्या थ्रेडलॉकचा (आटे पक्के धरणारा द्रव) एक थेंब पुरतो. स्टेनलेसवर ते उशिरा पक्कं होतं, २४ तास गाडी हलवू नका. एबीएस किंवा पॉलिकार्बोनेट प्लास्टिकजवळ ते अजिबात नको, तडे जातात.

दुहेरी टेपच्या भरवशावर प्लेट सोडू नये. रंग न दिलेल्या पॉलिप्रॉपिलीनवर टेप प्रायमरशिवाय धरतच नाही. रंगवलेल्या भागावर स्पिरिटने पुसून लावला तरी पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात. बोल्टच्या जोडीला ठीक आहे.

चोरीची काळजी असेल तर प्रत्येक प्लेटला एक बोल्ट मधे पिन असलेल्या टॉर्क्स (सहा टोकांच्या चांदणीसारख्या खाचेच्या) डोक्याचा लावा आणि त्याचं बिट गाडीतच ठेवा. फक्त घट्ट होणारे, उलटे न फिरणारे स्क्रू जास्त सुरक्षित वाटतात, पण प्लेट वाकून बदलायची वेळ आली की तेच आडवे येतात.

ब्रॅकेट लावल्यावर पार्किंग सेन्सर आणि कॅमेऱ्यासमोर काही येत नाही ना, हे गाडी चालू करून एकदा तपासा. रिव्हर्स टाकला की सेन्सर उगाच वाजत असेल, तर ब्रॅकेटची कड दोन-तीन मिमी मागे सरकवून पुन्हा बघा.