साड्यांचा वरचा दांडा: मोटरवाला की ओढायचा?

कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आमचं कपाट थेट छतापर्यंत. वरच्या दांड्यावरच्या साड्या काढायला आई स्टुलावर चढायची, म्हणून खाली येणाऱ्या दांड्याचे दोन्ही प्रकार दुकानात जाऊन हाताळले.

मोटरवाला बटण दाबलं की सावकाश खाली येतो. खांदे दुखणाऱ्यांची मोठी सोय. पण कपाटात प्लग पॉइंट हवा, आणि गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट गेली की साड्या वरच!

ओढायच्या दांड्याला वीज नको. मधली काठी ओढायची, गॅस स्प्रिंग (दांड्याला वर ढकलणारी, दाबलेल्या वायूची नळी) वजन तोलते. गंमत म्हणजे रिकामा दांडाच जास्त जड लागतो. आई अक्षरशः लोंबकळली. हँगर भरल्यावर तोच निमूट खाली आला.

आईला मोटरवालाच घेतला, बटण कंबरेच्या उंचीवर. माझ्या कपाटाला काठी पुरे.