दोघांची हलकी कनू: दिवाळीत घेतली, आता उन्हाळा संपत आला

कनू (वल्ह्याने चालवायची लांबट, उघडी होडी) घ्यायची म्हटल्यावर सगळे वजन विचारतात, मला आधी प्रश्न पडला ठेवायची कुठे. आमचा कोथरूडला टू बीएचके, १६ फुटी बोट लिफ्टमध्ये जात नाही आणि पार्किंगमध्ये सोसायटी ठेवू देत नाही. रॅपिडसाठी (दगडांमधलं खळाळतं पाणी) जुने लोक ज्याचं नाव काढतात ते रॉयलेक्स नावाचं बोटीचं प्लास्टिक २०१४ पासून बनतच नाही, त्याच्या जागी कॅनडातल्या एस्किफचं टी-फॉर्मेक्स आलं, मजबूत आहे पण १६ फुटी बोट २५-३० किलोच्या घरात, वर मागवायचा खर्च वेगळाच. केव्हलर (धाग्यांचं मटेरियल) हलकं खरं, पण ते दगडांवर घासायचं म्हणजे पोटात गोळा. म्हणून हवा भरून फुगवायची घेतली, १३ फुटी, १७ किलो.

तळ ड्रॉप-स्टिचचा आहे, म्हणजे वरचा आणि खालचा थर आतून धाग्यांनी जोडलेला, त्यामुळे ८ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलं की फळीसारखा कडक होतो. बाजूच्या नळ्यांना मात्र अडीचच. तळाला भोकं आहेत, कोलाडच्या कुंडलिका नदीवर लाट आत आली की पाणी आपोआप निघून जातं, बोट थांबवून उपसत बसायला नको. पण मुळशी धरणाच्या संथ पाण्यात तीच भोकं उघडी ठेवली तर खालून पाणी वर येतं आणि दोघांचीही बूडं ओली, तिथे बुचं लावायची.

कोलाडला सगळा खेळ सकाळी भिऱ्याच्या वीजप्रकल्पातून पाणी सुटतं त्यावर, त्यामुळे पुण्यातून अंधारातच निघून ताम्हिणी उतरावा लागतो, आणि राफ्टिंगवाल्यांना आधी विचारून त्यांच्या राफ्टच्या मागेच राहायचं. तिथे ही बोट मस्त चालते. पुढचं-मागचं टोक वर उचललेलं असल्याने झटकन वळते, पुढच्याने वल्हं बाजूला रोवून ओढलं की दगडामागच्या शांत पाण्यात शिरते. मागची फिन (बोट सरळ ठेवणारं तळाखालचं पातं) मात्र काढूनच जायचं, दगडाला अडकते.

वैताग आहे तो वाऱ्याचा. मुळशीला दुपारनंतर वारा सुटला की हलकी आणि उंच बाजूंची बोट पालापाचोळ्यागत भरकटते, फिन लावली तरी. समोरून वारा असेल तर तंबू, स्टोव्ह, पाण्याचे कॅन सगळं पुढे सरकवायचं आणि मेव्हण्याला पुढे बसवायचं (हे त्याने वाचू नये). मुक्कामाचं सामान भरलेलं असलं की उलट ती सरळ चालते, रिकामी असताना जास्त नाचते.

आणि काठावर उन्हात ठेवली तर हवा फुगते, थोडी सोडायची, पाण्यात उतरवली की दाब परत उतरतो मग पुन्हा पंप. घरी आल्यावर तळ काढून गॅलरीत नीट वाळवणं मस्ट, नाहीतर नळी आणि तळाच्या फटीत बुरशी धरते आणि वास जाता जात नाही, बायको आत घेऊ देत नाही. सोबत मिळालेल्या पंपाचा काटा पहिल्या महिन्यातच गेला, कंपनी मेलला उत्तर देत नाही, तेव्हा पंपाचे पैसे वेगळे धरूनच बजेट काढा.