विल्यम कॉनराड: आधी रेडिओ की आधी सिनेमा?

विल्यम कॉनराड या अमेरिकन नटाचं सगळं काम कोणी एका दमात संपवू शकत नाही, पसारा प्रचंड आहे, त्यामुळे सुरुवात कुठून करायची हे ठरवावंच लागतं. चाळीस-पन्नासच्या दशकातले अमेरिकन क्राइम सिनेमे बघणाऱ्यांनी त्याला पाहिलेला असतोच, फक्त नाव लक्षात राहिलेलं नसतं. जाडजूड बांधा, थंड डोळे, हिरोच्या वाटेत उभा. आणि रेडिओवरच्या जुन्या श्रुतिका ऐकणाऱ्यांसाठी तोच माणूस म्हणजे ‘गनस्मोक’ या वेस्टर्न रेडिओ मालिकेतला मार्शल (गावाचा कायदा सांभाळणारा अधिकारी) मॅट डिलन. दोन्हीकडे मी बऱ्यापैकी वेळ घालवलाय, तर जे वाटलं ते सांगतो.

सिनेमाची बाजू आधी, कारण ती खरंच भक्कम आहे. ‘द किलर्स’ (1946) ची सुरुवात बघा. कॉनराड आणि चार्ल्स मॅकग्रॉ एका छोट्या गावातल्या खानावळीत शिरतात, काउंटरवर बसतात, खायला काय आहे विचारतात, आणि कोणी हात उचलायच्या आधीच आपल्याला कळतं की हे दोघं कोणाला तरी मारायला आलेत. हेमिंग्वेच्या कथेतलाच प्रसंग आहे, पण कॉनराड ज्या पद्धतीने बसतो, जसा बघतो, ते रेडिओवर येणं शक्य नाही हे मान्य करायलाच हवं. शिवाय सबटायटल मिळतात, आपल्यासाठी ही छोटी गोष्ट नाही. ‘बॉडी अँड सोल’ (1947) आणि ‘सॉरी, राँग नंबर’ (1948) मधेही तो आहे, दोन्ही बघण्यासारखे.

मला खटकली ती एकच गोष्ट, पण तिनेच माझं ठरलं. त्याच्यासाठी म्हणून सिनेमा लावला की त्या सिनेमाचंच वाटोळं होतं. ‘द किलर्स’मधे तो पहिला प्रसंग संपला की कॉनराड गायब, थेट शेवटाकडे परत दिसतो. मधला सगळा सिनेमा बर्ट लँकेस्टर आणि एव्हा गार्डनरचा, तोही उत्तम, पण आपलं लक्ष दाराकडे, आता येईल मग येईल. म्हणजे धड लँकेस्टर बघून होत नाही आणि धड कॉनराडही मिळत नाही. एकदा झालं तर चालतं, पण त्याची फिल्मोग्राफी धरून पुढे जायचं म्हटलं की दर वेळी हेच, आणि मग हात आपोआप फॉरवर्डकडे जातो. चरित्र अभिनेत्याच्या मागे सिनेमातून जायचं तर हे होणारच कदाचित, पण कॉनराडच्या बाबतीत जास्त टोचतं कारण तिकडे रेडिओवर तो पूर्ण अर्धा तास आपला असतो.

याचा सगळ्यात चांगला पुरावा एकाच गोष्टीत सापडतो. ‘लायनिंगेन व्हर्सेस द अँट्स’, ब्राझीलमधला मळेवाला आणि त्याच्या मळ्यावर चालून येणारी मुंग्यांची फौज. सीबीएस या अमेरिकन रेडिओ कंपनीच्या ‘एस्केप’ मालिकेत 1948 च्या जानेवारीत ती झाली आणि लायनिंगेन, म्हणजे तो मळेवाला, होता कॉनराड. त्याच गोष्टीवर 1954 ला ‘द नेकेड जंगल’ सिनेमा आला, त्यातही कॉनराड आहे, पण लायनिंगेन झालाय चार्ल्टन हेस्टन आणि कॉनराडकडे कमिशनरचं काम. रेडिओ आधी ऐकला असेल तर ते बघणं जड जातं. हेस्टन वाईट नाही अजिबात, पण मळेवाल्याचा तो हट्ट, मी इथून हलणार नाही हे, ज्या आवाजात आपल्या डोक्यात बसलेलं असतं तो आवाज शेजारी उभा राहून दुसऱ्यालाच सल्ला देतोय. त्यात सिनेमात लग्नाची गोष्ट एवढी लांबवलीय की मुंग्या यायला बराच वेळ लागतो. रेडिओवर अर्ध्या तासात सगळं आटपतं.

‘गनस्मोक’चंही तेच. रेडिओवर 1952 ते 1961, एपिसोड 480 च्या आसपास, आणि मॅट डिलन कायम कॉनराडच. पण 1955 ला टीव्हीवर आणताना डिलन झाला जेम्स आर्नेस, कारण कॉनराडचं शरीर मार्शलसारखं दिसत नव्हतं. कॅमेऱ्याने त्याला आधी अंगावरून जोखलं, माइकने कधीच नाही. टीव्हीवर गाजलेला लीड म्हणून ‘कॅनन’ ही डिटेक्टिव्ह मालिका मिळायला 1971 उजाडलं, तेव्हा त्याने पन्नाशी गाठली होती.

रेडिओच्या अडचणी आहेतच. जुनी रेकॉर्डिंग, कुठे खरखर, कुठे आवाज एकदम खाली, मधे सिगरेटच्या जाहिराती, आणि पश्चिमेकडच्या गावंढळ इंग्रजीतले काही शब्द सरळ सुटतात. पहिले काही एपिसोड कान बसेपर्यंत कंटाळा येऊ शकतो, विशेषतः ज्यांना श्रुतिका ऐकायची सवयच नाही त्यांना. तेच तेच नट सगळीकडे ऐकू येतात हेही खरं, पण ‘गनस्मोक’मधले पार्ली बेअर (डिलनचा मदतनीस चेस्टर) आणि हॉवर्ड मॅकनिअर (गावचा डॉक्टर, डॉक) असले की मला तरी त्याची तक्रार नाही. ‘गनस्मोक’मधे शांतता फार छान वापरलीय, फळ्यांवरून चालणारे बूट, लांब कुठेतरी कुत्रं, आणि मग डिलनचं एखादंच वाक्य. हेडफोन लावूनच ऐका, फोनच्या स्पीकरवर यातलं अर्धं जातं.

घरात दोघं-चौघं मिळून काही लावायचं असेल किंवा ऐकण्यावर लक्षच टिकत नसेल तर सिनेमाच बरा, ‘द किलर्स’ बिनधास्त लावा. पण एकट्याने कॉनराडच हवा असेल तर मी म्हणेन आधी ‘लायनिंगेन’ ऐका, मग 1952 चा ‘द केबिन’ हा ‘गनस्मोक’चा एपिसोड, बर्फाच्या वादळात डिलन एका झोपडीत आसऱ्याला जातो आणि आत दोन गुंडांनी एका बाईला धरून ठेवलेलं असतं. तो पटला नाही तर रेडिओ सोडून द्या, हरकत नाही. पटला तर ‘द नेकेड जंगल’ अगदी शेवटी ठेवा.