४५ एचपी, १० महिने, ५२० तास आणि एक क्लचचं स्विच

नव्या ट्रॅक्टरच्या कंपनीचं नाव लिहीत नाही, शोरूमच्या दोन फ्री सर्व्हिसिंग अजून बाकी आहेत. बाकी स्पेक सगळ्यांना पाठच असतात.

२०२५ च्या गुढीपाडव्याला घेतला. आमचं मोहोळ तालुक्यात काळं रान, घरात आधीची लाल मॅसी १०३५, आबा तिच्याशिवाय दुसऱ्या कशाला ट्रॅक्टर म्हणतच नाहीत. ५० एचपीच्या वर मी मुद्दाम गेलो नाही, त्याला २०२३ पासून प्रदूषणाचा नवा नियम लागलाय, कॉमन रेल (कॉम्प्युटरनं डिझेल सोडणारी सिस्टीम), सेन्सर, नको ती भानगड. तर भानगड क्लचखाली निघाली.

क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फच लागत नाही, सेफ्टी स्विच आहे म्हणे. सप्टेंबरात सीनेला पूर आला, आमचं रान नदीपासून लांब पण पाऊस एवढा की ज्वारीला वापसाच येईना (रान पेरण्याइतकं सुकेना), दिवाळीच्या तोंडाला कसाबसा आला, पेरणी यंत्र जोडलं, चावी फिरवली तर टिक पण नाही. शोरूम म्हणतंय मेकॅनिक उद्या येईल, त्यांचं उद्या तिसऱ्या दिवशी उगवलं. मॅसीची बॅटरी उतरलेली, आबांनी ती उतारावरनं सोडली, गिअरात टाकून चालू केली आणि एक शब्द न बोलता पेरायला गेले. बोलले असते तर बरं झालं असतं. (नवाही तसाच ढकलून बघायचा हे मला रात्री जेवताना सुचलं.)

कंपनीला लई शिव्या घातल्या मी. मग मेकॅनिकनं खोलून दाखवलं, उंदरानं स्विचची वायर कुरतडलेली. म्हणजे चूक कंपनीची नाही, मानतो. पण वायरिंगचा अख्खा सेट बदला म्हणाला, साडेआठ हजार, आणि उंदीर वॉरंटीत बसत नाही. गावातल्या वायरमननं ८० रुपयांत जोड मारला, आजपर्यंत चालू आहे. मॅसी मॅसी करणाऱ्यांना मी हसायचो, पण ते कंपनीपेक्षा हाकेवरच्या मिस्त्रीला धरून असतात हे तेव्हा कळलं.

आता चांगलं पण सांगतो. पॉवर स्टेअरिंग आणि ऑईल ब्रेक, ऊस भरलेली ट्रॉली मागं असताना उतारावर जीव मुठीत धरावा लागत नाही. रोटाव्हेटरला डिझेल वाटलं होतं त्यापेक्षा कमी लागलं. आबा नारळ अजून मॅसीलाच फोडतात, पण कारखान्यावर खेप न्यायची म्हटली की चावी नव्याची मागतात, खांदा दुखतो म्हणतात.

जीएसटीचं मात्र विसरता येत नाही. पाडव्याला मी १२ टक्के भरले आणि घटस्थापनेला ५ टक्के झाले. सहा महिने थांबलो असतो तर त्या फरकात पेरणी यंत्राचे बरेच पैसे निघाले असते, आणि मुहूर्त काढला कुणी तर आबांनी.

सध्या पॅनेलखाली डांबराच्या गोळ्या टाकतोय, वासानं डोकं उठतं. उंदरावर दुसरं काही चालत असेल तर सांगा.