सानेन शेळी : एका वेतानंतरचा अभिप्राय

स्वित्झर्लंडमधील सानेन खोऱ्यातून जगभर पसरलेली ही पांढरी शेळी घरच्या दुधासाठी पाळावी का, याविषयी एक पूर्ण वेत, म्हणजे विण्यापासून दूध आटेपर्यंतचा काळ, हाताळल्यानंतर बनलेले मत येथे मांडतो. दुधाच्या प्रमाणाबद्दल माझी तक्रार नाही. व्यायल्यानंतर दुसऱ्या महिन्यात ती दिवसाला साडेतीन लिटरपर्यंत पोहोचली, मग हळूहळू उतरत गेली आणि पुन्हा गाभण असल्याने दहाव्या महिन्यात आटवावी लागली. गाभणकाळ सुमारे 150 दिवसांचा असतो आणि त्यातले शेवटचे दोन महिने कासेला विश्रांती द्यावीच लागते, त्यामुळे दरवर्षी विणाऱ्या एकाच शेळीवर बारमाही दुधाची आशा धरू नये.

दूध मात्र पातळ आहे. स्निग्धांश साधारण साडेतीन टक्क्यांच्या आत-बाहेर राहतो. ज्यांना लोणी किंवा चीज करायचे आहे, त्यांनी अँग्लो-नुबियन या दुसऱ्या दुधाळ जातीचा विचार करावा. तिचे दूध कमी, स्निग्धांश अधिक आणि ओरडणे त्याहून अधिक.

तरीही जातीपेक्षा कास पाहणे महत्त्वाचे, हे मी खरेदीच्या वेळीच शिकलो. प्रथम दाखवलेल्या शेळीची कास तट्ट फुगलेली होती. दुसऱ्या दिवशी न कळवता सकाळी गेलो, तेव्हा ती निम्मीही नव्हती. आदली धार तुंबवून ठेवली होती, हे उघड होते. म्हणून धार आपल्यासमोर, शक्य तर स्वतःच्या हाताने काढून पाहावी. रिकामी झाल्यावर चांगली कास मऊ पडून सुरकुतते, मांसल कास तशीच भरगच्च राहते. गरमपणा, गाठ किंवा पहिल्या धारेतील गुठळ्या दिसल्या तर कासदाहाची शंका घ्यावी. दोनच सड असावेत आणि ते मुठीत नीट बसावेत. वय विक्रेत्याच्या तोंडून नव्हे, तर शेळीच्या खालच्या दातांवरून ठरवावे. मी दुसऱ्या वेताची शेळी पसंत करतो, कारण पहिल्या वेताचे दूध ठाऊक असते आणि धारेची सवयही झालेली असते.

एकटी शेळी सतत ओरडते, म्हणून एका नामांकित शेळीऐवजी दोन मध्यम शेळ्या घ्याव्यात आणि त्यांच्या विण्यात पाच-सहा महिन्यांचे अंतर ठेवावे. थंड प्रदेशात सानेन दिवस लहान होऊ लागल्यावरच माजावर येते, तेथे हे अंतर साधत नाही. अशा वेळी एकीला त्या हंगामात न फळवता तिची धार पुढे चालू ठेवणे सोयीचे पडते.