कंबरेला बांधायचा ध्वनिवर्धक: एका शिक्षिकेचा सहा महिन्यांचा अनुभव

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील एका शाळेत मी २२ वर्षे शिकवते आहे. वर्गात ६० मुली, डोक्यावर घरघरणारे पंखे आणि खिडकीबाहेर रस्ता. चौथ्या तासापर्यंत माझा आवाज फाटू लागे आणि शनिवारी तर घरी बोलणेही नकोसे होई. घसातज्ज्ञांनी दुर्बिणीतून पाहिले, तेव्हा स्वरतंतूंवर बारीक गाठी धरू लागल्या होत्या.

बोलताना स्त्रियांचे स्वरतंतू सेकंदाला साधारण २०० वेळा एकमेकांवर आदळतात आणि आवाज चढवला की त्या आघाताचा जोर वाढतो. तानसेनाच्या समाधीजवळच्या चिंचेची पाने चघळली की गळा सुरेल होतो, या श्रद्धेने मीही लहानपणी ती चघळली आहेत; पण गिळलेला घास अन्ननलिकेत जातो, स्वरतंतूंपर्यंत पोहोचत नाही, हे डॉक्टरांनी समजावले तेव्हा खडीसाखर, ज्येष्ठमध आणि गोळ्यांवरची माझी सगळी भिस्त उडाली. आघात कमी करणे हाच उपाय होता, म्हणून बाडा या आमच्या बाजारचौकाजवळच्या दुकानातून सुमारे १,५०० रुपयांना हा ध्वनिवर्धक घेतला.

पहिले दोन आठवडे मला काहीच गुण आला नाही, कारण माइक लावूनही मी ओरडतच होते. गोंगाटात आवाज आपोआप चढतो, ही सवय यंत्राने जात नाही. मग मी एका मुलीला शेवटच्या बाकावर बसवले, माझा आवाज घरी स्वयंपाकघरात बोलते तेवढाच ठेवला आणि तिला नीट ऐकू येईपर्यंत फक्त यंत्राची कळ फिरवली. त्या दिवशी सहावा तास संपला, तेव्हा घसा खरवडल्यासारखा वाटला नाही. माइक ओठांच्या कोपऱ्याशी, दोन बोटे दूर ठेवावा. अगदी तोंडासमोर धरला तर 'प', 'फ'चे फटकारे कानात बसतात. फळ्याकडे वळताना ध्वनिवर्धक माइकच्या समोर आला की कर्कश शिट्टी वाजते, म्हणून मी तो आता पाठीच्या बाजूला बांधते.

उणीव माइकच्या तारेची आहे. ती कानामागच्या वळणावर चार महिन्यांत तुटली आणि कंपनीकडे सुटा माइक मिळेना. अखेर दुरुस्तीवाल्याकडून जोडून घ्यावी लागली. घेण्यापूर्वी सुटा माइक मिळतो का, हे दुकानात विचारून घ्यावे आणि पंखा चालू ठेवूनच आवाज पारखावा. तीन आठवड्यांहून अधिक काळ आवाज बसलेला असेल, तर मात्र यंत्र विकत घेण्याआधी घसातज्ज्ञांना दाखवावे.