केसपेपर हरवला की इतिहास हरवतो: एका नागरी आरोग्य केंद्राचा अनुभव

सोलापूरच्या पूर्व भागातील एका सरकारी नागरी आरोग्य केंद्रात मी वर्षभर दर महिन्याला आईला घेऊन जात आहे. आयुष्यभर विड्या वळलेल्या आईला आता रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही आहेत. तेथील माणसे चांगली आहेत, हे आधीच नमूद करतो. सिस्टर तिच्याशी तेलुगूत बोलतात, आणि औषधे देणारे गृहस्थ सकाळच्या पाकिटावर पेनाने एक रेघ व रात्रीच्या पाकिटावर दोन रेघा ओढून देतात, कारण आईला वाचता येत नाही.

तक्रार आहे ती केसपेपरची. रुग्णाचा सारा इतिहास त्या एका कागदावर असतो आणि तो कागद रुग्णाच्याच पिशवीत राहतो. पावसाळ्यात आमचा कागद भिजून गेला. रक्तदाबाच्या एका गोळीने आईचे पाय सुजत असल्याने पूर्वीच्या डॉक्टरांनी ती बदलली होती; नव्या डॉक्टरांनी नव्या कागदावर नेमकी तीच गोळी लिहिली. चूक डॉक्टरांची म्हणवत नाही, कारण त्यांच्यासमोर वाचायला काहीच नव्हते.

या संदर्भात कोस्टा रिकाचे उदाहरण आठवते. हा देश फार दूरचा असला तरी लोकसंख्येने आपल्या जिल्ह्याच्याच पंक्तीतला आहे: 2011 च्या जनगणनेत सोलापूर जिल्हा 43 लाखांचा होता, तो देश आज 50 लाखांच्या थोडा वर आहे. तेथे 1995 पासून साधारण चार-पाच हजार लोकांमागे एक पथक नेमले जाते, ज्यात डॉक्टर, परिचारिका, नोंदी ठेवणारा कारकून आणि घरोघर फिरणारा आरोग्य सहायक असतो. हा सहायक जोखमीनुसार घरांची वर्गवारी करतो आणि अधिक जोखमीच्या घरी अधिक वेळा जातो. त्याने घरी टिपलेले आणि डॉक्टरांनी दवाखान्यात लिहिलेले आता एकाच संगणकीय नोंदीत जमा होते. तेथेही तज्ज्ञ डॉक्टरांसाठी लांबलचक प्रतीक्षायादी असते, त्यामुळे सारेच आलबेल आहे असे नव्हे. मात्र आपला रुग्ण कोण, हे पथकाला ठाऊक असते.

आपल्याकडे नागरी केंद्राचा निकष सुमारे 50 हजार लोकसंख्येमागे एक असा आहे, म्हणजे दहापट भार. तेवढे डॉक्टर उद्या मिळणार नाहीत, हे उघड आहे. परंतु घरोघर जाणारे माणूस आपल्याकडे 2005 पासून, आशाताईंच्या रूपाने, आहेच. आमच्या गल्लीतील आशाताईंनी तिशीवरील प्रत्येकाचा फॉर्म भरून नेला, आईची कंबरसुद्धा टेपने मोजली. पण त्या फॉर्मचा डॉक्टरांच्या टेबलाशी काही संबंध असल्याचे मला एकदाही दिसले नाही. त्यातच आशाताईंचा मोबदला बराचसा कामागणिक ठरतो, मग ज्या फेरीचे पैसे नाहीत ती फेरी त्यांनी कशाच्या बळावर मारावी?

माणसांना पाचपैकी साडेचार गुण, नोंदींना एक. जाणाऱ्यांनी लवकर जावे, गोळ्यांची रिकामी पाकिटे सोबत न्यावीत आणि केसपेपरचा दोन्ही बाजूंनी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. आम्ही आता तेच करतो.